पक्ष्यांच्या परिषदेत औषधविक्रेता

मे २००३ मध्ये हंगेरीतल्या बुडापेस्ट शहरात शिकारी पक्षी आणि घुबडे यांच्यावरची जागतिक परिषद भरली होती. तिथे लिंडसे ओक्स या अमेरिकी पशुवैद्यकाने दक्षिण आशियातली गिधाडे कशाने मरत आहेत ते जाहीर केले. विषाणू नव्हे, कीटकनाशक नव्हे, उपासमारही नव्हे. कारण होते डायक्लोफेनॅक. माणसांच्या सांधेदुखीवर सर्रास दिले जाणारे हे औषध गाई-म्हशींनाही टोचले जात होते. औषध अंगात असताना जनावर दगावले, की मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई, मूत्रपिंडे निकामी होत आणि काही दिवसांत पक्षी मरे. पुढच्या वर्षी हे संशोधन ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले.

पक्षिविज्ञानाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद व्हिएन्नाला १८८४ मध्ये झाली. तेव्हापासून आजवर एखाद्या परिषदेत मांडलेल्या निष्कर्षाचा इतक्या पक्ष्यांच्या जगण्यामरण्याशी इतका थेट संबंध क्वचितच आला असेल. म्हणून परिषदा कशासाठी भरवायच्या आणि तिथे कोणी बसायचे, हा विचार करताना मला गिधाडांची हकिकत पुन्हा तपासून पाहावीशी वाटते. एरवी ती विज्ञानाच्या विजयाची हकिकत म्हणून सांगितली जाते. माझ्या मते विजय त्यात निम्माच आहे.

सुरुवात भरतपूरची. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश केवलादेव राष्ट्रीय उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८ मध्ये तिथे पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या ३५३ जोड्या घरटी करत होत्या. दहा-अकरा वर्षांत त्या विसावर आल्या. गिधाडे माना खाली टाकून तासन्‌तास बसून राहत आणि मग झाडावरून कोसळत. ही मोजणी आधी झालेली नसती तर पक्षी गेले हे कळले असते, किती आणि किती वेगाने गेले हे कधीच कळले नसते. देशभराचा हिशेब नंतर आला, तो अधिक भयंकर होता: १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारातले एक उरले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला पाच वर्षे लागतात. असा पक्षी थोडीशीही जादा मर सोसू शकत नाही. पुढे गणिताने दाखवून दिले, की शेकड्याला एकाहून कमी मढी विषारी असली तरी एवढा ऱ्हास होऊ शकतो.

मोजणी नेमकी होती, पण कारण हाती येत नव्हते. साथीच्या रोगाचा संशय सर्वांत बळकट होता आणि तो वावगाही नव्हता. इतक्या दूरदूर पसरलेल्या पक्ष्यांना एकाच वेळी मारणारी दुसरी गोष्ट डोळ्यांसमोर येत नव्हती. पाकिस्तानातल्या पंजाबात ओक्स आणि त्यांचे सहकारी ताज्या मेलेल्या गिधाडांची शवविच्छेदने करत होते. बहुतेकांच्या आतड्यांवर, काळजावर, यकृतावर युरिक आम्लाचा पांढरा थर साचलेला दिसे. मूत्रपिंडे गेल्याची ही खूण. विषाणू, जिवाणू, जड धातू, कीटकनाशके असे एकेक कारण तपासून बाद झाले. आणि मग या संशोधकांनी जे केले ते मला सगळ्या प्रकरणातले सर्वांत शहाणपणाचे पाऊल वाटते. त्यांनी पक्ष्यांकडून नजर काढून गुरांकडे वळवली. गिधाड गुरे खाते, तर गुरांच्या पोटात आणि अंगात काय जाते? ते त्या भागातल्या गुरांच्या डॉक्टरांकडे आणि औषधांच्या दुकानदारांकडे गेले. कोणती औषधे खपतात, त्यांपैकी कोणती तोंडावाटे गेली तरी अंगात भिनतात, कोणती मूत्रपिंडाला अपाय करतात, अशी चाळणी लावली. एकच नाव उरले. मग उतींची तपासणी झाली: पांढरा थर साचून मेलेल्या पंचवीसच्या पंचवीस गिधाडांत डायक्लोफेनॅक सापडले आणि दुसऱ्या कारणांनी मेलेल्या तेरांपैकी एकातही नाही.

उत्तर दुकानाच्या फळीवर होते, आणि ते माहीत असलेला माणूस पक्ष्यांच्या कुठल्याही परिषदेला गेलेला नव्हता. त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हते, की आपण विकतो ती बाटली हा कशाचा तरी पुरावा आहे. माहितीचे दोन तुकडे वेगवेगळ्या घरांत बसून होते आणि मधल्या वर्षांत गिधाडे मरत राहिली.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कोणता पक्षी, कुठे, किती, याचे ज्ञान पक्षी पाहणाऱ्यांकडे असते. का, याचे ज्ञान बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसते. ते पशुवैद्यक, वीज अभियंता, कोळी, धनगर, औषधविक्रेता यांच्याकडे विखुरलेले असते. पक्षिसंवर्धनाच्या परिषदांमध्ये या दुसऱ्या मंडळींना बोलावले जात नाही. बोलावले तर उद्घाटनाला, हार घालायला.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. परिषद ही तज्ज्ञांची जागा. तिथे सगळ्यांना बोलावले तर तिची जत्रा होईल, बारकावे हरवतील. बारकावे हवेतच. शवविच्छेदनाचे निष्कर्ष, गणनेच्या पद्धती, आकडेवारीतले दोष यांवर त्या विषयातल्या माणसांनीच एकमेकांना धारेवर धरावे. पण संशोधन आणि संवर्धन हे दोन्ही शब्द ज्या परिषदेच्या फलकावर आहेत, तिने दुसऱ्या शब्दाची जबाबदारीही घ्यावी. संवर्धनाचा निर्णय सभागृहात बसलेल्यांपैकी जवळजवळ कोणाच्याच हातात नसतो.

कळणे आणि थांबणे यांत किती काळ जातो ते पाहा. बुडापेस्टला उत्तर मिळाले २००३ मध्ये. भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली २००६ मध्ये. त्याच वर्षी मेलॉक्सिकॅम हे पर्यायी औषध गिधाडांना सुरक्षित असल्याचे चाचण्यांतून सिद्ध झाले. त्या कामात आपल्या इज्जतनगरच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेचाही वाटा होता. सरकारी कामाच्या मानाने तीन वर्षे म्हणजे वेगच. पण माणसांसाठीचे डायक्लोफेनॅक मोठ्या बाटल्यांत मिळत राहिले आणि त्या बाटल्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. माणसांसाठीची कुपी तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करायला २०१५ उजाडले. कीटोप्रोफेन हे दुसरे वेदनाशामकही गिधाडांना मारक असल्याचे २००९-१० पर्यंत सिद्ध झाले होते. बांगलादेशाने त्यावर २०२१ मध्ये बंदी घातली. आपण कीटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांच्यावर २०२३ मध्ये. शास्त्रज्ञ ही माहिती धरून होते, दरवर्षी बैठका घेत होते, ठराव करत होते. मधली तेरा वर्षे ज्ञान कमी पडल्यामुळे गेली नाहीत. ज्यांच्या हातात ती बाटली होती, ते त्या खोलीत नव्हते म्हणून गेली.

सरकारच्या अर्थखात्याला कळेल असा हिशेबसुद्धा पक्षितज्ज्ञांनी मांडला नाही. तो एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडला. जिथे पूर्वी गिधाडे मुबलक होती आणि जिथे नव्हती, अशा जिल्ह्यांतल्या मृत्युदरांची तुलना करून त्यांनी अंदाज काढला, की २००० ते २००५ या काळात गिधाडे नाहीशी झाल्यामुळे सुमारे पाच लाख जादा माणसे मेली. उघड्यावर कुजणारी मढी, नासलेले पाणी, वाढलेली भटकी कुत्री, रेबीज अशी ही साखळी आहे. हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांपुढे वीस वर्षे आधी ठेवला गेला असता तर? गिधाडांवर जीव असलेल्या कोणाच्याही मनाला हे लागेल.

माळढोकाची गोष्ट वेगळ्या वाटेने इथेच येते. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थर वाळवंटात विजेच्या तारांना आपटून दरवर्षी सुमारे अठरा माळढोक मरतात. सगळे मिळून दीडेकशेच उरलेल्या पक्ष्यांत अठरा. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरचे दिसणे अरुंद असते, आणि जडशीळ शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. एवढे पक्षितज्ज्ञ सांगू शकतात. उच्च दाबाची वाहिनी जमिनीखालून किती अंतर नेता येते, खर्च किती, तारांवरचे परावर्तक किती टिकतात, हे महापारेषण किंवा राजस्थानच्या वीज कंपनीतला अभियंता सांगतो. दोघांची गाठ कुठे पडली? सर्वोच्च न्यायालयात. २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घेण्याचा आदेश झाला, २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली गेली. जी चर्चा एखाद्या परिषदेत, निवांतपणे, चहाच्या वेळीही पुढे चालू ठेवून व्हायला हवी होती, ती वकिलांमार्फत झाली.

आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजचे उदाहरण त्याहून बोचते. माळढोकासाठी १९७९ मध्ये जाहीर झालेले अभयारण्य जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेते, गावे, तालुक्याची ठिकाणेसुद्धा त्या रेषेच्या आत आली. विहीर खणायची, जमीन विकायची, रस्ता करायचा म्हटले की माळढोक आडवा येऊ लागला. अखेर क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केले गेले, तोवर लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयी अढी बसली होती. ज्या माळावर मेंढरे चरत आणि माळढोकही वावरे, त्या माळाचा मालक आणि त्यावरचा धनगर यांना आखणीपूर्वी कोणी विचारले नव्हते. आज नान्नजला माळढोक दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते.

याउलट नागालँड. २०१२ च्या पावसाळ्यानंतर वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयाकाठी अमूर ससाण्यांची प्रचंड कत्तल उजेडात आली. त्या एका हंगामात लाखाहून अधिक पक्षी जाळ्यांत धरले गेल्याचा अंदाज होता. जाळी मासेमारीची होती. धरणात शेते गेली, लोक मासेमारीकडे वळले, आणि दरवर्षी आकाश भरून येणारे हे पक्षी त्याच जाळ्यांत पकडून विकता येतात हे त्यांच्या ध्यानात आले. हे कारण समजून न घेता केवळ कायदा पुढे केला असता तर काय झाले असते, याची कल्पना करता येते. तिथे कार्यकर्ते गावच्या सभांत बसले, चर्चने सांगितले, पांगती आणि शेजारच्या गावांनी स्वतःचे नियम केले. २०१३ मध्ये तिथे एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच वर्षी उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवलेल्या तीन ससाण्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावे दिली गेली. महाराष्ट्रावरून अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेत गेलेल्या एखाद्या ससाण्याच्या प्रवासात त्या गावसभांचा वाटा आहे. कुठल्याही परिषदेच्या ठरावाइतका, किंबहुना जास्तच.

महाराष्ट्राला या बाबतीत एक मोठा आधार आहे, आणि आपण त्याची किंमत ओळखत नाही असे मला वाटते. पक्षिमित्र संमेलने आपल्याकडे १९८१ पासून भरत आहेत. पहिले लोणावळ्याला झाले. शिक्षक, बँकेतले कर्मचारी, डॉक्टर, वनरक्षक, विद्यार्थी तिथे मराठीत बोलतात. आंतरराष्ट्रीय परिषदेत जो वनरक्षक मागच्या रांगेत गप्प बसेल, तो इथे उभा राहून आपल्या बीटमधल्या घरट्याविषयी सांगू शकतो. मात्र इथेही ओढ पक्ष्यांची छायाचित्रे, नव्या नोंदी आणि सत्कार यांच्याकडे जाते. अकोला-वाशीम भागात तणमोर या पक्ष्याच्या माळरानांसाठी फासेपारधी समाजातल्या लोकांना सोबत घेऊन काम उभे राहिले. पिढ्यान्‌पिढ्या शिकारीतून आलेले त्यांचे पक्ष्यांचे ज्ञान अनेक पदवीधरांना लाजवील असे आहे. अशा माणसांना मुख्य व्याख्यानाचा मान मिळावा, आणि प्रश्नोत्तरांना अर्धा तास नव्हे, अर्धा दिवस मिळावा.

एका बाबतीत मात्र सावध राहायला हवे. गिधाडांसाठी आता फणसाडमध्ये, गडचिरोलीत, नाशिकच्या बाजूला औषधमुक्त मढी ठेवण्याच्या जागा केल्या गेल्या आहेत. त्यांच्याविषयी बोलताना ‘पूर्वी गावाची व्यवस्था होती, ती मोडली’ असा सूर कधीकधी लागतो. ती व्यवस्था जातीने लादलेली होती. मेलेले ढोर ओढण्याचे काम काही माणसांच्या माथी मारले गेले होते, आणि १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून डॉ. आंबेडकरांनी ते आणि मृतमांस सोडण्याची जी हाक दिली, ती माणसाच्या प्रतिष्ठेची हाक होती. गिधाडे वाचवताना मढी कोणी उचलायची, त्यासाठी गाडी कोणाची, मजुरी किती, हातमोजे आणि लस कोण देणार, हे प्रश्न परिषदेच्या कार्यक्रमपत्रिकेवर आले पाहिजेत. त्यांची उत्तरे पक्षितज्ज्ञ एकट्याने देऊ शकत नाहीत. त्यांनी ती एकट्याने देऊही नयेत.

पुढच्या संमेलनाच्या आयोजकांना माझी सूचना आहे, की निदान एका सत्रासाठी जिल्हा पशुसंवर्धन खात्याचे अधिकारी, तालुक्याच्या दवाखान्यातला पशुवैद्यक, गुरांच्या औषधांचा दुकानदार आणि दोनचार पशुपालक यांना बोलवावे, आणि भाषणे न करता त्यांना विचारावे: गेल्या वर्षात फळीवर कोणते नवे वेदनाशामक आले? कोणत्या कंपनीचा माणूस ते घेऊन आला? मेलॉक्सिकॅमऐवजी तेच का दिले जाते, ताप लवकर उतरतो म्हणून की स्वस्त पडते म्हणून? आजवर प्रत्येक घातक औषध आधी बाजारात आले, गिधाडे मेली, मग संशोधन झाले आणि मग बंदी. जनावरांच्या नव्या वेदनाशामकाला परवाना देण्यापूर्वीच त्याची गिधाडांवरची सुरक्षितता तपासली जावी, ही संवर्धकांची मागणी जुनी आहे. तिच्यामागे गुरांच्या डॉक्टरांची संघटना आणि दूध संघ उभे राहिले, तर औषध नियंत्रकांना ती बाजूला सारणे अवघड जाईल.