मोफत खाट, न परवडणारा मुक्काम

आदिवासींच्या व्यसनमुक्तीची महाराष्ट्रातली चर्चा दारूबंदीपाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. निवासी उपचारांचा, त्यांना लागणाऱ्या पैशाचा विषय त्यात क्वचितच निघतो.  रायगड जिल्ह्यात पनवेलच्या परिसरातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर ही उणीव स्पष्ट दिसते.

बंदीचा विचार जुना आहे. १८९२ च्या मोहा कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहाच्या फुलांवर निर्बंध आणले, १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला, १९९३ पासून गडचिरोलीत बंदी आहे. पुरवठा तुटला की व्यसन सुटेल, असे बंदीचे समर्थक मानतात. नव्याने पिऊ लागणाऱ्यांपुरते ते बरेचसे खरे आहे आणि त्यासाठी झगडलेल्या स्त्रियांचे श्रेय कमी होत नाही. पण वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीराला हा तर्क लागू पडत नाही. त्याची दारू एकाएकी तुटली, तर काही तासांतच हातांना कंप सुटतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, पुढे भ्रम होतो. वेळीच औषध मिळाले नाही तर हे जिवावर बेतते. बंदी पुरेशी असती, तर बंदी असलेल्या गडचिरोलीतच ‘सर्च’ या संस्थेला आणि २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ या उपक्रमाला उपचारांची सोय उभारावी लागली नसती. शिवाय रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही. त्यामुळे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला दिलेला दारूबंदीचा अधिकार इथल्या वाड्यांना मिळतच नाही. ‘दारू ही त्यांची संस्कृतीच’ हे म्हणणे तर काळा गूळ आणि नवसागर घालून गाळलेल्या दारूपुढे टिकत नाही.

उपचारांची टंचाई देशभर आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही मदत मिळते आणि १८० पैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळतात. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्रात निवासी उपचार ३५ दिवसांचे आहेत. केंद्र सरकारचे सामाजिक न्याय मंत्रालय अशी केंद्रे चालवणाऱ्या संस्थांना अनुदान देते. हे अनुदान वाढायलाच हवे. तरीही मोफत उपचार आणि परवडणारा उपचार यांत फरक आहे, आणि सारा प्रश्न त्या फरकात अडकलेला आहे.

कातकरी कुटुंब पावसाळ्यात भट्टीवाल्याकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेते आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते. उचल एकट्याच्या नव्हे, नवरा-बायकोच्या जोडीच्या कामावर मिळते. आठवड्याला हाती येते ती फक्त खर्ची. हिशेब हंगाम संपताना होतो. नवरा पाच आठवडे केंद्रात राहिला, तर जोडी मोडते, विटा कमी पडतात आणि उचल फिटत नाही. खाटेचे पैसे सरकारने भरले, तरी मुक्कामाचे मोल बायको आणि मुले भरतात. अशा माणसाने उपचार अर्धवट सोडले, तर दोष त्याच्या निश्चयाला देणे अन्यायाचे आहे.

म्हणून अनुदान खाटेबरोबर घरालाही मिळाले पाहिजे. त्यात बुडालेल्या मजुरीची भरपाई आणि बायको-मुलांना सोबत राहण्याची सोय हवी. कॅनडातल्या आदिवासींच्या काही केंद्रांत पूर्ण कुटुंब दाखल होते. कुटुंब वाडीवर असते त्या पावसाळ्यात, उचल घेण्याआधीच, दाखल करून घेणे सोयीचे. समुपदेशक कातकरी समाजातला असावा आणि पुढची भेट वाडीबरोबर भट्टीवरही व्हावी. उचलीच्या जोरावर माणसाला अडकवून ठेवणाऱ्या भट्टीवाल्याविरुद्ध १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहेच. २०२३ च्या पंतप्रधान जनमन योजनेत कातकरी येतात, पण तिच्या ११ कलमांत व्यसनमुक्ती नाही. ही तरतूद आदिवासी विकास विभागाने पेणच्या प्रकल्प कार्यालयामार्फत स्वतंत्रपणे करावी आणि तिचे यश भरलेल्या खाटांवर न मोजता, पुढच्या हंगामात दारूविना उभ्या राहिलेल्या घरांवर मोजावे.