गुरुवारचं चिंतन : नाम घेणारी बुद्धी जपू या

🙏 ॥ श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏



गेल्या महिन्यात काचीगुड्याच्या सत्संगात आरती झाल्यावर एका ताईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या सासूबाईंनी जन्मभर एवढं नाम घेतलं, मग त्यांनाच हा विसरण्याचा आजार कसा झाला?" त्यांच्या विचारण्यात टोमणा नव्हता. त्यांचे वडील हल्ली दोनदा घराचा रस्ता चुकले आहेत. त्या घाबरल्या होत्या. मला तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन बराच विचार केला, थोडं वाचलं, आमच्या डॉक्टरांना विचारलं. तेच आज सेवा म्हणून तुमच्यापुढे ठेवते.

*नामाची परीक्षा घेऊ नका*

रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग झाला होता. रमण महर्षींनाही कर्करोगच झाला. त्यांची साधना कमी पडली असं आपण म्हणतो का? देह पंचमहाभूतांचा आहे, तो त्याच्या धर्मानं चालणार. मेंदूसुद्धा देहाचाच भाग आहे.

अजून एक गैरसमज दूर करायला हवा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधातून मोह आणि मोहातून स्मृतिभ्रंश होतो असं सांगितलं आहे. डिमेन्शियालाही मराठीत स्मृतिभ्रंशच म्हणतात. म्हणून काही जण पटकन म्हणतात, "रागीट होत्या ना, त्यामुळे झालं." असं बोलू नये. गीतेतला स्मृतिभ्रंश म्हणजे विवेक सुटणं. हा आजार मेंदूच्या पेशींचा आहे. शांत माणसालाही तो होतो. ते कुणाच्या पापाचं फळ नव्हे.

*माझी चूक*

आता माझी चूक सांगते, म्हणजे तुमच्या घरी ती होणार नाही. सासूबाईंना मनाचे श्लोक सगळेच्या सगळे, 205, तोंडपाठ होते. पासष्टीच्या सुमारास त्यांना ऐकू कमी येऊ लागलं. टीव्ही मोठ्यानं लावायच्या, एक विचारलं तर दुसरंच उत्तर द्यायच्या. आम्ही हसायचो. वय झालं म्हणून सोडून दिलं. पाच-सहा वर्षांनी कानाचं मशीन आणलं, पण कानात शिट्टी वाजते म्हणून त्यांनी ते काढून ठेवलं. नीट बसवून आणायला परत न्यायचं आमच्याकडून राहिलं. ते कपाटाच्या खणातच पडून होतं. हळूहळू त्यांनी बोलणंच कमी केलं. सत्संगातही नुसती मान हलवत बसायच्या.

मग विसरणं सुरू झालं. एका गुरुवारी ऐन आरतीत त्यांनी मोठ्यानं तीन वेळा विचारलं, "आरती झाली का गं?" सगळे वळून बघायला लागले. मला लाज वाटली. पुढच्या गुरुवारी मी म्हटलं, "आई, तुम्ही आज आराम करा." त्यानंतर दर गुरुवारी तेच. पण त्या चार वाजल्यापासून लुगडं नेसून, हातात माळ घेऊन दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. कुठे जायचंय ते विसरायच्या, पण आज कुठेतरी जायचंय हे त्यांना कळायचं. मी त्यांच्या समोरून चपला घालून निघून यायची, आणि इथे येऊन भजनाला बसायची.

त्या जाऊन तीन वर्षं झाली. ती खुर्ची मला अजून दिसते.

*आपल्या हातात काय आहे*

या आजारावर अजून पूर्ण बरं करणारं औषध नाही. आपल्या देशात साठीच्या पुढचे सुमारे 88 लाख लोक त्याच्यासोबत जगत आहेत, असा 2023 मधला अंदाज आहे. पण 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञमंडळानं एक आशेची गोष्ट सांगितली. जन्मभरात काळजी घेता येईल अशी 14 कारणं आहेत, आणि ती सांभाळली तर जगभरातले सुमारे 45 टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येऊ शकतील. उरलेलं वय आणि आनुवंशिकता यांच्या हाती, म्हणून ज्याला झाला त्याला दोष द्यायचा नाही. पण आपल्या वाटणीचं आपण करायला हवं. आणि हे सत्तरीत करायचं काम नाही. मेंदूतले बदल विसरणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होतात. म्हणजे हा निरोप आजी-आजोबांइतकाच माझ्यासारख्या पन्नाशीच्या सुनांना आणि चाळिशीच्या मुलांना आहे.

*1. श्रवण.* नवविधा भक्तीत पहिलं स्थान श्रवणाला आहे. कानच मिटले तर श्रवण कुठून होणार? ऐकू कमी आलं की मेंदूला शब्द ओळखायलाच फार कष्ट पडतात, आणि माणूस हळूहळू चारचौघांतून बाजूला होतो. अमेरिकेत 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या वृद्धांना धोका जास्त होता त्यांनी तीन वर्षं मशीन वापरलं, तर त्यांच्या बुद्धीची घसरण जवळजवळ निम्म्यानं मंदावली. म्हणून कान तपासा. मशीन टोचत असेल तर पुन्हा पुन्हा जाऊन बसवून घ्या. मोतीबिंदूही "पिकू दे अजून" म्हणून लांबवू नका. कमी दिसणं हेही त्या 14 कारणांपैकीच आहे.

*2. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल.* मेंदूत केसांहून बारीक रक्तवाहिन्या असतात. वाढलेला रक्तदाब आणि साखर त्या आतून खराब करतात, आणि दुखत काहीच नाही. आपल्याकडे उपवासाच्या दिवशी गोळी चुकवायची पद्धत आहे. मीही चुकवायची! बीपीची गोळी पाण्यासोबत घेतल्यानं उपवास मोडत नाही. मधुमेह असेल तर मात्र उपवास करायचा की नाही, गोळी किती घ्यायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. एकादशीला दोनदा साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचे पापड हा काही देहाला विसावा नव्हे. मशेरी, तंबाखू, सिगारेट यांबद्दल तर मी वेगळं सांगायला नकोच.

*3. प्रदक्षिणा.* आठवड्यात किमान 150 मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मंदिरापर्यंत स्कूटरवर जाऊन आत तीन प्रदक्षिणा घालण्यापेक्षा चालतच मंदिरात जा. आणि स्कूटरवर जाणारच असाल तर मागे बसणाऱ्या वहिनींनीही हेल्मेट घालायचं, डोक्याला मार लागणं हेही एक कारण आहे.

*4. नवीन पाठांतर.* हे मला स्वतःला फार लागलं. तीस वर्षं म्हणत आलेलं स्तोत्र म्हणताना ओठ चालतात आणि मन गॅसवरच्या कुकरच्या शिट्ट्या मोजतं. त्यात भक्तीही पातळ होते आणि मेंदूलाही काम पडत नाही. बुद्धीला थोडी धडपड लागते. रोजचं स्तोत्र सोडू नका, पण सोबत काहीतरी नवं घ्या. दासबोधात 20 दशकं, प्रत्येकात 10 समास, म्हणजे 200 समास आहेत. आठवड्याला एक घेऊन अर्थासकट घरच्यांना आपल्या शब्दांत सांगायचा म्हटलं तरी जवळजवळ चार वर्षं पुरेल!

इथे आपल्या हैदराबादची एक गोष्ट सांगायलाच हवी. आपल्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास झाला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसला, आणि कधी शाळेत न गेलेल्यांमध्येही हा फरक आढळला. एका अभ्यासावरून हमी देता येत नाही, पण विचार करा. आपण घरात मराठी, भाजीवाल्याशी तेलुगू, रिक्षावाल्याशी दखनी हिंदी बोलत मोठे झालो. हे पूर्वजांनी आयतं दिलेलं धन आहे, आणि ते आपण नातवंडांना देत नाही. आमच्या सासूबाईंच्या शेवटच्या वर्षात तेलुगू आणि हिंदी दोन्ही गेल्या, फक्त मराठी उरली. माझ्या मुलाला मराठी धड येत नाही, सगळं इंग्रजीत चालतं. आजी बोलायची आणि तो माझ्या तोंडाकडे बघायचा. म्हणून नातवंडांशी मराठीतच बोला. त्यात तुमचंही भलं आहे आणि त्यांचंही.

*5. संगत आणि झोप.* एकांत आणि एकटेपणा वेगळे. एकांत आपण साधनेसाठी घेतो, एकटेपणा आपल्यावर येऊन पडतो आणि तो मेंदूला मारक आहे. ग्रुपवर रोज सुप्रभात पाठवणं म्हणजे भेट नव्हे. प्रत्यक्ष भेटा, बोला. सतत उदास वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आणि रात्री मोबाईल बाजूला ठेवून वेळेवर झोपा. पहाटे उठायचं पुण्य मध्यरात्रीपर्यंत जागून मिळत नाही.

*घाबरू नका, पण लपवूही नका*

चष्मा कुठे ठेवला ते विसरणं चालायचंच. पण नेहमीचा रस्ता चुकणं, रोजच्या भाजीची कृती न आठवणं, पैशांचे हिशेब अचानक न जमणं, तोच प्रश्न दहा मिनिटांत पाचदा विचारणं, असं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. कधी कधी मूळ कारण बी-12 ची कमतरता किंवा थायरॉईड असतं, आणि त्यावर उपचार आहेत. आपल्यासारख्या शाकाहारी घरांत बी-12 कमी असणं फार आढळतं. नुसती रक्ततपासणी करायची असते. "लोक काय म्हणतील" म्हणून थांबू नका.

आणि ज्यांना आजार झालाच आहे, त्यांना घरी ठेवून सत्संगाला येऊ नका. सोबत आणा. ते मध्येच बोलले तर बोलू द्या. तीन वेळा "आरती झाली का" विचारलं तर तीन वेळा हात धरून सांगा, "आता होईल हं, आई." आपण मूर्तीला रोज तोच नैवेद्य, तीच आरती करतो, कंटाळत नाही. मग माणसाला तेच उत्तर पुन्हा द्यायला का कंटाळावं?

ताई, तुमच्या प्रश्नाचं मला सुचलेलं उत्तर हे. नाम घेतल्यानं आजार होणारच नाही असा करार देवानं केलेला नाही. पण ज्या बुद्धीनं आपण नाम घेतो ती आपल्याकडे सद्गुरूंची ठेव आहे, ती सांभाळणं ही उपासनाच आहे. आणि ती हरवली, तरी ते नाम सोबतच्यांनी त्यांच्यासाठी घ्यायचं असतं. मी ते घेतलं नाही. तुमच्या वडिलांसाठी तुम्ही घ्या. पुढच्या गुरुवारी त्यांना घेऊन या. माझ्याशेजारी जागा ठेवते.

*या आठवड्याचा संकल्प*
🌸 घरातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकानं रक्तदाब आणि साखर तपासून घ्यायची, कान-डोळे तपासायची वेळ ठरवायची.
🌸 रोज अर्धा तास चालायचं, चालताना नामस्मरण.
🌸 एक नवा समास किंवा अभंग पाठ करायला घ्यायचा.
🌸 बाहेर न पडणाऱ्या एका ज्येष्ठांना घरी जाऊन भेटायचं, जमलं तर गुरुवारी सोबत आणायचं.

चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्यावं. ही वेडीवाकडी सेवा श्रीगुरुचरणी अर्पण.

🙏 ॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏
— आपली एक गुरुभगिनी, हैदराबाद