नियम राहतो कुठे?

मोठ्या कंपनीच्या माहितीचा संपूर्ण आराखडा कुणा एकाच्या डोक्यात कधीच नसतो. मात्र चलन फाडणाऱ्याला आपलं चलन पक्कं ठाऊक असतं, गोदाम सांभाळणाऱ्याला आपली आवक-जावक. उरुग्वेचे ब्रेओगान गोंडा आणि निकोलास जोदाल यांनी १९८८ साली माँटेव्हिडिओत कंपनी काढली आणि याच जाणिवेवर ‘जेनेक्सस’ हे कोड लिहून देणारं साधन उभं केलं. प्रत्येकानं आपला कागद कसा असतो तेवढं सांगायचं. डेटाबेसचे तक्ते आणि प्रोग्राम जेनेक्सस तयार करणार. आधी ते आयबीएमच्या एएस/४०० साठी आरपीजी आणि कोबोल लिहून देई. पुढे जावा, सी शार्प आणि मोबाइल ॲप्सही देऊ लागलं. यंत्रं बदलली, भाषा मागे पडल्या, तरी व्यवसायाचं वर्णन नव्यानं लिहावं लागलं नाही. पुण्यात टाटांच्या टीआरडीडीसी या संशोधन केंद्रात घडलेलं ‘मास्टरक्राफ्ट’ही याच वाटेचं. आपल्याकडे त्याची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

या साधनांनी वेळ वाचतो, हे खरंच. मला त्यांची शिस्त अधिक मोलाची वाटते: निघालेल्या कोडला हात लावायचा नाही, बदल वर्णनातच करायचा. घाईत कुणी कोडमध्येच दुरुस्ती केली, की पुढच्या वेळी कोड काढताना ती पुसली जाते. आणि ती जपायची म्हणून कोड पुन्हा काढलाच नाही, तर वर्णन खोटं ठरत जातं.

ही शिस्त का हवी, ते जीएसटीवरून कळतं. तो १ जुलै २०१७ ला आला. पुण्याच्या व्यापाऱ्यानं नाशिकला माल विकला तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, सुरतेला विकला तर आयजीएसटी. नियम एवढाच. पण बिलात, विवरणपत्रात, अहवालात, मोबाइल ॲपमध्ये तो वेगवेगळा लिहिलेला असेल, तर कुठे चुकला हे शोधण्यातच दिवस जातात. तो एकाच जागी असेल, तर हिशेबनीसही वाचून तपासू शकतो.

आता एआयला दोन वाक्यं सांगितली की कोड मिळतो. तो कोड आपण जपून ठेवतो आणि ती वाक्यं मात्र चॅटमध्येच सोडून देतो. जेनेक्ससनं जे सांभाळलं नेमकं तेच आपण टाकून देत आहोत, याची मला खरोखर काळजी वाटते. शिवाय तेच वाक्य पुन्हा दिलं तरी तोच कोड येईल याची खात्री नसते.

जुन्या साधनांचाही एक जाच होता. वर्णन त्याच साधनात उघडायचं, म्हणजे ते विकणाऱ्या कंपनीशी कायमचं बांधलं जायचं. त्यामुळे त्या साधनांकडे परत जा, असं मी म्हणणार नाही. पण सॉफ्टवेअर बनवून घेणाऱ्या प्रत्येक कारखान्यानं, पतसंस्थेनं, दवाखान्यानं करारातच लिहून घ्यावं: कोडबरोबर आमचे नियम आमच्या माणसांना वाचता येतील अशा भाषेत द्या, प्रत्येक नियमाच्या चाचण्या द्या, आणि नियम बदलला की आधी नियमांचा तो कागद बदला.