शेतातून आल्यावर स्वयंपाकघर

आजचा शास्त्रभाग : लूक 17:7-10 (सोबत वाचा : लूक 12:35-38)



आज 30 मे. 2024 साली याच दिवशी फ्रान्समध्ये एका वृद्ध स्त्रीचं निधन झालं. वय 99. नाव जनेव्हिएव्ह द गालार. आपल्याकडे हे नाव फारसं कुणाला माहीत नाही, पण एके काळी जगभरच्या वर्तमानपत्रांनी तिला ‘दिएन बिएन फूची देवदूत’ म्हटलं होतं. आजचा शास्त्रभाग वाचताना मला तिची आठवण झाली. का, ते सांगायचं आहे.

आधी वचन पाहू. प्रभू येशू शिष्यांना एका दासाचं उदाहरण देतो. हा दास दिवसभर शेतात नांगरत होता, किंवा मेंढरं राखत होता. संध्याकाळी थकून घरी येतो. धनी त्याला लगेच जेवायला बसवत नाही. आधी माझं जेवण तयार कर, कंबर बांध, मला वाढ, मग तू जेव, असं सांगतो. आणि शेवटी प्रभू म्हणतो की तुम्हीसुद्धा सांगितलेलं सगळं केल्यावर असंच म्हणा की आम्ही साधे दास आहोत, जे करायला हवं होतं तेवढंच केलं.

खरं सांगायचं तर हे वचन पहिल्या वाचनात गोड वाटत नाही. कठोर वाटतं. दिवसभर राबून आलेल्या माणसाला घोटभर पाणीसुद्धा नाही? म्हणून ते एका आयुष्यात ठेवून बघू या.

जनेव्हिएव्हचा जन्म 13 एप्रिल 1925 चा, पॅरिसचा. ती परिचारिका झाली आणि फ्रेंच हवाई दलाच्या विमानांतून जखमींना आणणाऱ्या पथकात दाखल झाली. इंडोचायनामध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या भागात, तेव्हा युद्ध चालू होतं. तिथं जायची तयारी तिनं स्वतःहून दाखवली. 1954 च्या सुरुवातीपासून ती दिएन बिएन फू नावाच्या दरीतल्या छावणीतून जखमी सैनिकांना विमानानं हनोईला आणू लागली. 13 मार्चला छावणीवर मोठा हल्ला सुरू झाला आणि धावपट्टी तोफांच्या माऱ्यात आली. तरी रेडक्रॉसची विमानं रात्री अंधारात उतरत होती.

28 मार्चला, रविवारी, तिचं विमान उतरताना धावपट्टीच्या पुढे गेलं आणि इंजिन निकामी झालं. तिथं दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. उजाडल्यावर तोफांनी ते विमान उद्ध्वस्त केलं. त्यानंतर छावणी पडेपर्यंत तिथून एकही जखमी विमानानं बाहेर नेता आला नाही. परतीचा रस्ता संपला.

ती डॉक्टर ग्रोवँ यांच्या भूमिगत इस्पितळात कामाला लागली. हजारो सैनिकांच्या त्या छावणीत ती एकटीच स्त्री परिचारिका. अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नव्हतं, सैनिकांनी स्वतःचे कपडे दिले. पाऊस सुरू झाला तसा सगळीकडे चिखल झाला, जखमींची संख्या रोज वाढत गेली, जागा पुरेना. ती मलमपट्टी करायची, इंजेक्शनं द्यायची, आणि जे वाचणार नव्हते त्यांच्याजवळ बसायची. तिचा एकोणतिसावा वाढदिवस त्या खंदकातच गेला. त्या वर्षीचा ईस्टरही, 18 एप्रिलचा, त्याच वेढ्यात आला. एप्रिलच्या शेवटी तिथंच तिला फ्रान्सचा सर्वोच्च सन्मान दिला गेला. 7 मे रोजी छावणी पडली. 28 मार्च ते 7 मे. मोजून बघा, चाळीस दिवस होतात.

पण छावणी पडल्यावर तिचं काम संपलं नाही. ती आता कैदी होती, जखमी मात्र तेच होते. व्हिएत मिन्हच्या सैन्यानं वैद्यकीय लोकांना शुश्रूषा चालू ठेवू दिली. जे चालू शकत होते अशा हजारो कैद्यांना दूरच्या छावण्यांकडे पायी नेलं, आणि त्यातले पुष्कळ जण कधीच परतले नाहीत. ती 24 मे रोजी सुटून हनोईला आली.

इथं एक प्रश्न मनात येतो, आणि तो टाळू नये. ते युद्ध कशासाठी होतं? फ्रान्सला आपली वसाहत हातात ठेवायची होती. आपण स्वतः पारतंत्र्य भोगलेल्या देशाची माणसं. त्या छावणीत लढणारे सगळे फ्रेंचही नव्हते. अल्जीरियाचे, मोरोक्कोचे, आफ्रिकेतले इतर लोक होते, फॉरेन लिजनमधले जर्मन होते, कितीतरी व्हिएतनामी होते. दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी परक्या मातीत पडलेली माणसं. मग अशा युद्धातल्या सेवेचं स्मरण आपण का करावं?

मला वाटतं, याचं उत्तर शोमरोन्याच्या दाखल्यात आहे. रस्त्यावर पडलेला तो मनुष्य कोण, कुठल्या कामाला निघाला होता, चांगला होता की वाईट, हे प्रभूनं सांगितलेलंच नाही. फक्त तो अर्धमेला पडला होता, एवढं सांगितलं. युद्ध न्यायाचं की अन्यायाचं हा न्याय झालाच पाहिजे, आणि देव तो करतो. पण रक्त वाहत असताना जखम बांधणारा हात त्या निकालाची वाट बघत थांबत नाही. जखम बांधणं म्हणजे युद्धाला होकार देणं नव्हे.

आता पुढचं ऐका. त्याच वर्षी जुलैमध्ये तिला अमेरिकेत बोलावलं. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मिरवणूक निघाली, राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पदक दिलं. आणि ती काय म्हणत राहिली? की एवढ्या सन्मानाला मी पात्र नाही, मी फक्त माझं कर्तव्य केलं. लूक 17 मधल्या दासाचेच बोल हे, नाही का? आपल्याकडच्या सिस्टरही असंच बोलतात. ‘आज नाइट ड्यूटी आहे’ म्हणतात आणि डबा घेऊन निघतात. रात्रभर काय झालं, कोण गेलं, कोण वाचलं, हे घरी कुणाला कळतही नाही.

जगाच्या लेखी गोष्ट इथं संपली. पण तिचं आयुष्य? 1954 ते 2024, आणखी सत्तर वर्षं! 1956 मध्ये तिनं एका सैन्याधिकाऱ्याशी लग्न केलं. तीन मुलं झाली. पॅरिसमध्ये तिनं नगरसेवक म्हणूनही काही वर्षं काम केलं. या सत्तर वर्षांच्या बातम्या किती छापून आल्या? फारच थोड्या. मुलाच्या तापाची, शाळेच्या वेळेची, रोजच्या स्वयंपाकाची बातमी होत नसते.

आणि इथंच मला आजचं वचन उघडल्यासारखं वाटतं. तो दास शेतातून येतो आणि स्वयंपाकघरात जातो. शेतातलं काम सगळ्यांना दिसतं, नांगरलेली जमीन रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसते. स्वयंपाकघरातलं काम जेवण झालं की पुसलं जातं. पण प्रभूच्या दाखल्यात दास एकच आहे, धनी एकच आहे. पहिलं काम मोठं आणि दुसरं लहान, असं प्रभू कुठं म्हणत नाही. चाळीस दिवसांची सेवा आणि सत्तर वर्षांचं घर, देवाच्या वहीत दोन्ही एकाच शाईनं लिहिलेली असतात.

मात्र एक गोष्ट फार सांभाळून वाचली पाहिजे. ‘आम्ही फक्त कर्तव्य केलं’ हे शब्द प्रभूनं कुणाच्या तोंडी घातले आहेत? दासाच्या. दुसऱ्या कुणाला ते वापरायची परवानगी नाही! आपण नेमकं उलटं करतो. आई चाळीस वर्षं राबते आणि घरातले म्हणतात, त्यात काय विशेष, आईच आहे ती. इस्पितळात सिस्टर बारा तास उभी असते आणि नातेवाईक ओरडतात, पगार घेता ना? हे वचन दुसऱ्याच्या डोक्यावर मारायची काठी नाही. ते स्वतःच्या मनातला गर्व उतरवायचं औषध आहे. औषध ज्याचं त्यानं घ्यायचं असतं.

आणि धनी? तो खरोखरच असा कोरडा आहे का? म्हणून तर सोबत लूक 12 वाचायला सांगितलं. तिथं धनी उशिरा घरी येतो, दास जागे असतात, आणि मग अद्भुत गोष्ट घडते. धनी स्वतः कंबर बांधतो, दासांना जेवायला बसवतो आणि स्वतः वाढतो. 17 व्या अध्यायात दासाला जे करायला सांगितलं, तेच 12 व्या अध्यायात धनी स्वतः करतो. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले, ते आठवा. दास म्हणतो, मी फक्त कर्तव्य केलं. धनी म्हणतो, आता तू बस. दोन्ही वाक्यं एकत्र ऐकली तरच सुवार्ता पूर्ण होते.

तुमच्यापैकी कुणी आज अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करत असाल. कुणी नोकरीवरून येऊन पुन्हा ओट्याशी उभ्या राहत असाल. कुणी ठरवून या जागी आला नसाल, विमान बंद पडावं तसं आयुष्य मध्येच थांबलं असेल आणि समोर जखमी माणसं असतील. तुमची मिरवणूक निघणार नाही कदाचित. पण धन्याचं लक्ष आहे, आणि त्याच्या घरी तुमचं पान मांडलेलं आहे.

मननासाठी : माझ्या घरात किंवा आसपास ‘त्यात काय विशेष’ म्हणून मी कुणाची सेवा गृहीत धरतो आहे का? आज त्या व्यक्तीला बसवून, स्वतः उठून एक ताट वाढता येईल का?

प्रार्थना : हे स्वर्गीय पित्या, ज्यांनी युद्धात जखमा बांधल्या आणि घरात लेकरं वाढवली अशा सर्व स्त्रियांसाठी आम्ही तुझे आभार मानतो. आज या क्षणी रुग्णांच्या उशाशी जागणाऱ्यांना बळ दे. आमच्या सेवेतून गर्व काढ आणि आमच्या नजरेतून कृतघ्नपणा काढ. तू स्वतः आम्हाला वाढशील त्या दिवसाची आशा आमच्यात जिवंत ठेव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.