अन्न घालणारा हात

लेस्टर येथे मुलाच्या बिऱ्हाडी गेल्या हिवाळ्यात माझा मुक्काम असताना, चौदा वर्षांच्या माझ्या नातवाने, वडिलांची परवानगी महत्प्रयासाने मिळवून, चिली देशातील कोरड्या झुडुपी प्रदेशात राहणाऱ्या जातीचा एक मोठा केसाळ कोळी, ज्याला इंग्रजीत टॅरँट्युला म्हणतात, काचेच्या पेटीत आणून ठेवला. मादी असल्यास हा प्राणी वीस वर्षांपर्यंत जगू शकतो आणि आठ-दहा दिवसांनी मिळालेला एखादा कीटक त्याला पुरतो, एवढी माहिती त्याने आधीच गोळा केली होती. पहिल्या रविवारी चिमट्यात जिवंत रातकिडा धरून तो पेटीपाशी गेला आणि तेथेच थबकला. मग मला म्हणाला, "आजोबा, हा आत सोडला तर पाप कोणाला लागेल? कोळ्याला की मला?"

कोळ्याला लागत नाही, हे सांगणे सोपे होते. पायांवरील सूक्ष्म केसांनी भूमीचा कंप ओळखून तो झडप घालतो, विषदंत रोवतो, पाचकरस भक्ष्यावर सोडून त्याचा द्रव शोषून घेतो आणि अखेरीस कवचाचा एक लहानसा गोळा मागे टाकतो. या क्रमात कोठेही त्याला निवड करण्याची मुभा नाही. परंतु हाच न्याय नातवाला लावण्यास माझे मन धजेना. एक जीव दुसऱ्या जीवाचे अन्न आहे, हे तत्त्व आपल्याकडे येताजाता ऐकवले जाते. पण भागवताच्या प्रथम स्कंधात ते कोणत्या प्रसंगी आले आहे, याचे स्मरण क्वचितच कोणी ठेवतो. धृतराष्ट्र आणि गांधारी न सांगता निघून गेल्यामुळे व्याकूळ झालेल्या युधिष्ठिराचे नारद तेथे सांत्वन करीत आहेत. ते वचन शोकाकुल माणसासाठी आहे, भक्ष्य पुरवणाऱ्याला दिलेला तो परवाना नव्हे. शिवाय चिलीच्या माळावर कीटकाला पळून जाण्यास दिशा मोकळ्या असतात आणि कोळ्यालाही कित्येकदा उपाशी राहावे लागते. काचेच्या पेटीत भक्षक कोणी आणला, भक्ष्य कोणी विकत घेतले आणि पळण्याची वाट कोणी बंद केली, या तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच आहे. तेथे सृष्टीचा अंमल संपून आपला सुरू झालेला असतो.

श्वेतांबर जैन परंपरेत श्रावकाला, म्हणजे गृहस्थाला, वर्ज्य म्हणून जी पंधरा कर्मादाने, म्हणजे पापजनक व्यवसाय, सांगितली आहेत, त्यांत हिंस्र प्राणी पोसण्याचाही अंतर्भाव होतो. पूर्वी हा निर्बंध मला अतिरेकी वाटे. आता त्यातील दूरदृष्टीपुढे मी नम्र होतो, कारण त्या शास्त्रकारांनी दोष रातकिडा सोडण्याच्या क्षणापाशी न धरता, प्राणी घरात घेण्याच्या उंबरठ्यावरच धरला. तो उंबरठा ओलांडल्यावर निर्दोष मार्ग उरत नाही: अन्न न घालावे तर कोळी उपासाने मरेल, बाहेर सोडावा तर इंग्लंडच्या थंडीने. वनपर्वातील ससाण्यानेही शिबी राजापुढे हीच कैफियत मांडली होती, की कपोताला अभय देताना तू माझ्या तोंडचा घास काढून घेत आहेस. शिबीने त्या पेचातून सुटण्यासाठी स्वतःच्या देहाचे मांस तराजूत घातले. आपण मात्र परक्याच्या देहाने अन्नदान करतो, आणि म्हणून त्या दानाचे पुण्य आपल्या खाती जमा धरण्याचा आपल्याला लवमात्र हक्क नाही.

रातकिडा आधी मारून घातला तरी पुष्कळदा कोळी तो स्वीकारतो, असे नातवाने मला सांगितले. पण मग मारणे आपल्या हाताने होईल, याची त्याला भीती वाटत होती. ती भीती मला समजली, तरी पटली नाही. रातकिड्याला कमी यातना होणे आणि आपले हात निर्मळ दिसणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी पहिली सोडणे म्हणजे केवळ स्वतःची सोय पाहणे होय. पाप तुलाच लागेल, आणि ते टाळण्यासाठी कोळ्याला उपाशी ठेवलेस तर अधिक लागेल, असे मी त्याला स्पष्ट सांगितले. जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावध वृत्तीशी, जोडली आहे, हेही सांगितले. ते त्याने मनावर घेतले. रातकिड्यांच्या डब्यात तो रोज ताजे गाजर ठेवू लागला, आणि कोळ्याच्या उदरापेक्षा मोठा किडा पेटीत कधी सोडीनासा झाला.

फेब्रुवारीत कोळ्याने अन्न सोडले. अशा वेळी न खाल्लेला किडा काढून घ्यावयाचा असतो. एके रात्री नातू ते विसरला. सकाळी पाहतो तो कोळी पाठीवर उताणा पडून कात टाकीत होता, नवे अंग मऊ आणि निराधार होते, आणि रातकिडा त्याच्या पायांपाशी फिरत होता. अशा अवस्थेत रातकिडा कोळ्याला कुरतडतो. नातवाने श्वास रोखून, कोळ्याला धक्का न लावता, लांब चिमट्याने तो बाहेर काढला आणि निराळ्या बरणीत गाजराचा तुकडा घालून ठेवला.

विषदंत कठीण होईपर्यंत पुढे बरेच दिवस थांबावे लागले. पुन्हा अन्न घालण्याच्या रविवारी तो बरणीपाशी बराच वेळ बसून राहिला. "हा एकदा सुटलाय, आजोबा," तो म्हणाला, "ह्याला नाही घालणार." त्याने डब्यातून दुसरा रातकिडा काढला, त्याच्याकडे पाहिले, आणि मला विचारले, "पण मग ह्याने काय केलंय?"