परक्याचा पैसा आणि घरचा हिशेब

मावळांतील औंढ्यासारख्या गांवीं कोणी शेजाऱ्यास पैसे उसने देतो, तेव्हां त्याच्याकडे ताळेबंद मागत नाहीं. घेणाऱ्याचीं भातखाचरें, गोठ्यांतील गुरें, मागील देणीं, सारें त्याच्या डोळ्यांपुढें असतें. कंपनीच्या व्यवहारांत धनको दूर आणि ऋणको अदृश्य. तेथें डोळ्यांचें काम कागदास करावें लागतें. म्हणून माहितीपत्रक प्रसिद्ध करण्याची सक्ति ही सरकारी कटकट नसून धनकोस परत दिलेली दृष्टि होय, असें आम्हांस वाटतें.

याचें उदाहरण औंढ्याहून फार दूर नाहीं. लोणावळ्यापलीकडच्या डोंगरांत सहारा उद्योगसमूहानें अँबी व्हॅली हें नगर वसविलें. त्याच समूहाच्या दोन कंपन्यांनीं सुमारें ३ कोटि लोकांकडून २४ हजार कोटींहून अधिक रुपये कर्जरोख्यांवर जमविले. कंपनी-निबंधकाकडे कागद दाखल झाले; परंतु हा स्नेही-सेवकांतील खाजगी व्यवहार आहे, असें म्हणून भांडवलबाजाराच्या नियामक मंडळास, म्हणजे सेबीस, बगल दिली गेली. वस्तुतः ५० किंवा अधिक लोकांकडे केलेली मागणी तेव्हांचा कायदा सार्वजनिकच मानीत होता. दप्तरांत कागद पडणें म्हणजे उघड करणें नव्हे. तो तपासण्यास कोणीतरी बांधलेला असावा लागतो.

प्रकरण फुटलें तेंही कागदामुळेंच. २००९ सालीं समूहांतील तिसऱ्या कंपनीनें भागविक्रीचा मसुदा सेबीकडे पाठविला. त्यावरून या पैशाचा माग लागला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें १५ टक्के व्याजासह परतफेडीचा आदेश दिला, आणि २०१७ सालीं अँबी व्हॅलीवर जप्ती आली.

‘असे कागद वाचतो कोण?’ हा आक्षेप येथें गळून पडतो. सर्वांनीं वाचण्याची गरज नाहीं. जाणत्या एकानें वाचलें तरी तें सर्वांसाठीं असतें. ‘व्यापारास गुपित लागतें’ हेंही खरें. पण माल कसा बनतो हें झांकावें. लोकांचा पैसा कोठें आहे हें झांकूं नये.

तथापि पैसे गेल्यावर मिळालेला प्रकाश उशिराचाच. अनोळखी माणसाची शिल्लक हातीं घेण्यापूर्वींच आपला हिशेब त्याच्यापुढें उघडावा. ती घेतली, कीं ‘हें आमचें घरचें’ असें म्हणण्याचा अधिकार संपला.