आशा आणि हट्ट

आशा हा सद्गुण आणि हट्ट हा दोष, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु बाहेरून पाहता दोहोंचा चेहरा सारखाच दिसतो. मग त्यांतील भेद ओळखावा कसा? या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला एका प्रचंड संख्येचे साहाय्य झाले.

सह्याद्रीच्या आश्रयाला वसलेले विज्जडविड हे आपले गाव, असे भास्कराचार्यांनी लिहून ठेवले आहे. ते म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासक मानतात; इतरांचे मत निराळे आहे. १११४ साली जन्मलेल्या या गणितज्ञाने ११५० च्या आपल्या ‘बीजगणिता’त एक कोडे सोडवले. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करून त्याला ६१ ने गुणावे व त्यात १ मिळवावा. येणारी संख्या पुन्हा पूर्ण वर्ग असली पाहिजे. ६१ च्या जागी ६० घेतले तर उत्तर सोपे आहे: ४ चा वर्ग १६, त्याची साठपट ९६०, त्यात १ मिळवता ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ ला ८ पुरतात. ६१ ला मात्र २२,६१,५३,९८० पर्यंत जावे लागते. तेव्हा जो वर्ग मिळतो तो १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा. १६५७ साली फ्रान्समधील फर्मा यांनी हेच कोडे इतर गणितज्ञांना घातले होते.

एकेक संख्या तपासत जाणाऱ्याने बावीस कोटींहून अधिक वेळा ‘नाही’ हेच ऐकले असते. तरीही उत्तर होतेच. आता ६१ च्या जागी ४९ घ्या. कोणत्याही वर्गाची ४९ पट ही स्वतःच पूर्ण वर्ग असते, आणि शून्य व एक सोडले तर दोन लगतच्या संख्या कधीही वर्ग नसतात. म्हणजे येथे जन्मभर शोधले तरी पदरी शून्यच. दोन्ही शोधकांचे श्रम सारखे, निराशाही सारखी. परंतु एकाच्या वाटेच्या शेवटी उत्तर आहे, दुसऱ्याच्या नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी आशेचा विषय सांगताना म्हटले आहे की तो कठीण असतो, परंतु शक्य असतो. ‘शक्य’ या एका शब्दात सारा भेद आला. आणि शक्य काय, हे किती वेळा अपयश आले यावरून ठरत नाही. त्यासाठी विवेक लागतो. भास्कराचार्यांनीही आंधळेपणाने संख्या तपासल्या नाहीत. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक. ३९ चा वर्ग २५ च्या एकसष्टपटीहून ४ ने उणा. राहिलेला फरक टाकून न देता त्यातूनच पुढची पायरी बांधत, चक्रवाल पद्धतीने त्यांनी तो अखेर १ वर आणला.

आपल्या अवर्षणग्रस्त जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. कोरड्या विहिरीत आणखी एक परस खोदायची की थांबायचे, यावर घरादाराचे कर्ज अवलंबून असते. अशा वेळी भूजलाच्या जाणकाराला विचारणे, शेजारच्या विहिरी पाहणे, हिशेब मांडणे म्हणजे प्रार्थनेवर अविश्वास दाखवणे नव्हे. बुद्धीही परमेश्वराचेच दान आहे. तिचा कौल ‘नाही’ असा आला तर थांबणाऱ्याने आशा सोडली, असे कोणी म्हणू नये. त्याने केवळ ४९ चा नाद सोडला. आणि कौल ‘आहे’ असा असेल, तर बावीस कोटी नकारांनीही खचून जाण्याचे कारण नाही.